आकडा हललाच नाही

मी मीटर वाचतो.
हिरोसाकीत, नदीपलीकडच्या चार गल्ल्या.
डिसेंबर ते मार्च आधी बर्फ उकरून मीटर शोधायचा,
मग हातमोज्यानं काच पुसायची,
मग वाचायचा.

माणसं मी आकड्यांवरून ओळखतो.
कोपऱ्यावरच्या घरी बाळ आलं
हे मला दोरीवरच्या दुपट्यांआधी कळलं.
सुताराचा मुलगा सेंदाईला गेला, तेव्हा
त्याच्या आंघोळीचं पाणी आकड्यांतून वजा झालं.
कुणी सांगत नाही काही.
मीटर चहाडखोर असतो.

हात्सुएबाईंचा आकडा या जानेवारीत हललाच नाही.
शेवटचं तांबडं चाकसुद्धा नाही,
जे साधं दूध गरम केलं तरी गिरकी घेतं.

आमच्याकडे यासाठी एक फॉर्म आहे, फिकट निळा.
पहिला प्रश्न: दार वाजवलं का?

वाजवलं.
पायरीवर गुडघाभर बर्फ, पावलांचे ठसे नाहीत,
की होते आणि बुजले?
पुन्हा वाजवलं.
फॉर्मचा दुसरा प्रश्न मला तोंडपाठ आहे.
तो मी मनात म्हणायला लागलो होतो, तेवढ्यात
आतून आवाज:
"ढकलू नकोस रे, सरकव! काच जुनी आहे."

अंगात दोन जाकिटं, वर नवऱ्याचं बस-ड्रायव्हरचं स्वेटर.
खिडक्यांना पार्सलातलं फुग्याफुग्यांचं प्लास्टिक,
त्यातून येणारा उजेड
माशाच्या खवल्यांसारखा.
चार खोल्यांपैकी तीन बंद.
"थंडीला त्या भाड्यानं दिल्यात," म्हणाल्या.

मी विचारलं, गॅस? स्वयंपाक?

त्यावर बाई खुलल्या.
रॉकेलची शेगडी पाच ते आठ. एक मिनिट जास्त नाही.
ती पेटणारच असते, मग तिच्या डोक्यावर रिकामी जागा कशाला?
आधी सोयाबीन, अर्धकच्चे असतानाच उतरवायचे,
भांडं रजईत गुंडाळून ठेवायचं, रात्रीतून शिजतात
"आपल्याच रागानं."
मग किटली. किटलीतलं पाणी पत्र्याच्या डब्यात,
डबा पायाशी, अंथरुणात.
सकाळी त्याच पाण्यानं तोंड धुवायचं, कोमट असतं अजून.
त्याच पाण्यात मुळ्याचा पाला विसळायचा.
"आणि मग?"
"मग संडासात. तिथून पुढे मी त्याला ओळखत नाही."

आंघोळ आठवड्यातून दोनदा, गावच्या गरम झऱ्यावर,
पन्नास तिकिटांच्या वहीवर पाच फुकट.
वही दाखवली. पाच फुकटची तिकिटं
तशीच, न फाडलेली.

तीन वाजले होते. शेगडीला दोन तास अवकाश.
बाई उठल्या आणि भिंतीपाशी जाऊन
गॅसचं बटण फिरवलं.
टक् टक् टक्, निळा फुलोरा.
"नको, अहो, माझ्यासाठी..."
"पाहुण्याला पाचपर्यंत ताटकळत ठेवू?"

चहा होईतो मी काही बोललो नाही.
बाहेर, बर्फाखाली, तांबडं चाक फिरत होतं.
ते ऐकू येत नाही. मला आलं.

कप संपवून मी धंद्याचं बोललो:
काही न वापरता मूळ आकार भरता तुम्ही,
महिन्याला अठराशे येन, शुद्ध पाण्यात.
जोडणीच बंद करा ना. अर्ज आहे माझ्याकडे.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं हिशेब कच्चा असलेल्या पोराकडे पाहतात.
"आणि मग महिन्याच्या महिन्याला
इथला बर्फ कोण उकरणार? तू येशील?"

निळा फॉर्म मी दुमडून खिशात टाकला.
भिंतीशी वाकून काच पुन्हा पुसली, आकडा पुन्हा लिहिला,
आधीच्या शून्यावर काट मारून.
बोटं गारठली होती, अक्षर वाकडं आलं.

आतून हाक आली:
"सरकवलंस का नीट? फट राहिलीय,
ऊब जातेय सगळी."